मायक्रोस्कोपला हात न लावता ऊती ओळखणारा माणूस : बीशा

मागावरची_मुलगी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते ते आज लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे मायक्रोस्कोपखाली तपासतात तिथे, टेक्निशियन आहे, १४ वर्षं झाली. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ, आतड्याचा तुकडा, बायोप्सी असं काहीही आलं की फॉर्मेलिनमधून (तुकडा कुजू न देणारं द्रावण) काढायचं, अल्कोहोलमधून नेऊन त्यातलं पाणी घालवायचं, मग झायलीन, मग वितळलेलं मेण, असा ब्लॉक तयार झाला की मायक्रोटोमवर (काप काढायच्या यंत्रावर) ४-५ मायक्रॉनचे काप काढायचे. ५ मायक्रॉन म्हणजे १ मिलिमीटरमध्ये २०० काप बसतील इतकं पातळ. कापांची फीत निघते, ती कोमट पाण्यावर सोडली की सुरकुत्या आपोआप मोडतात, मग खालून काच घालून अलगद उचलायची आणि रंगवायची, पेशीची केंद्रकं निळी-जांभळी, बाकी सगळं गुलाबी. हे मी रोज करते आणि तरी ज्या माणसाने "अवयव नाही, ऊती बघा" असं पहिल्यांदा ठासून सांगितलं त्याचं नाव मला मागच्या वर्षीपर्यंत माहीत नव्हतं, ह्याचं वाईट वाटलं म्हणून हा धागा.

नाव मारी फ्रांस्वा झाव्हिए बीशा. जन्म १७७१, फ्रान्सच्या ज्यूरा भागातलं त्वारेत नावाचं गाव. वडील डॉक्टर, शरीराचे पहिले धडे त्यांच्याकडेच. पुढे लिऑंला सर्जरी शिकायला गेला पण तेव्हा राज्यक्रांतीची धामधूम, ते शहर सोडून पुढे पॅरिसला आला, वय बावीसच्या आसपास. ओळखपाळख कोणाची नाही. तिथे दसो नावाचे त्या काळचे नामांकित सर्जन होते, त्यांच्याकडे प्रथा अशी की आदल्या दिवशीच्या लेक्चरचा सारांश दुसऱ्या दिवशी एखाद्या विद्यार्थ्याने सर्वांसमोर मांडायचा. एकदा विषय होता हसळीचं, म्हणजे गळ्याजवळच्या हाडाचं फ्रॅक्चर, ज्याची पाळी तो मुलगा आलाच नाही, तेव्हा मागून हा उठला आणि म्हणाला मी सांगतो. असं सांगितलं की दसोंनी त्याला सरळ स्वतःच्या घरी राहायला नेलं, मुलासारखं वागवलं. १७९५ मध्ये दसो अचानक गेले तर ह्याने त्यांच्या पत्नीला आणि मुलाला आधार दिला, आणि गुरूंची अर्धवट राहिलेली पुस्तकं आधी पूर्ण करून छापली, स्वतःची नंतर. मला हे फार आवडलं.

आता मुख्य मुद्दा. त्याच्या आधी रोग कुठे आहे असं विचारलं तर उत्तर अवयवाचं यायचं, पोटाचा, यकृताचा, हृदयाचा. बीशा म्हणाला अवयव हा काही एकजिनसी गोळा नाही. जठर घ्या, आतून श्लेष्मल अस्तर, मध्ये स्नायू, बाहेरून गुळगुळीत पडदा. आजार त्यातल्या एकालाच होऊ शकतो आणि शेजारचे दोन थर ठणठणीत राहू शकतात. आणि उलटही, फुफ्फुसाबाहेरचा पडदा, हृदयाबाहेरचा पडदा आणि पोटातला पडदा हे तीन वेगळ्या अवयवांवर असले तरी जात एकच, म्हणून त्यांना होणारे आजारही एकमेकांसारखे. १८०० च्या सुमारास त्याचं पडद्यांवरचं पुस्तक आलं आणि १८०१ मध्ये 'आनातोमी जेनेराल', त्यात त्याने शरीरातल्या २१ ऊती वेगळ्या करून दाखवल्या. रसायनशास्त्रात जशी मूलद्रव्यं तशा शरीरात ह्या मूळ ऊती, त्यांच्या जुळणीतून अवयव, ही तुलना त्याची स्वतःची. लाव्हाझिए ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाची मूलद्रव्यांची यादी १७८९ ची, म्हणजे वारं कुठून आलं ते कळतं.

आणि हे सगळं मायक्रोस्कोपशिवाय! हाताने, सुरीने, पाण्याने, विस्तवाने. तुकडा उकळायचा, वाळवायचा, पाण्यात कुजवायचा, आम्लात घालायचा, अल्कोहोलमध्ये घालायचा, आणि कोणता तुकडा कसा वागतो त्यावरून त्याची जात ठरवायची.

इथे मला माझे बाबा आठवतात. माहेर इचलकरंजीचं, घरात ८ माग. कापडाचे पीक, म्हणजे इंचात आडवे धागे किती ते, मोजायची काच असायची त्यांच्याकडे पण ती बहुतेक वेळ खुंटीवरच, बाबा डोळे मिटून कापड अंगठा आणि बोटांत चोळायचे आणि सांगायचे सूत कुठलं, विणीत कुठे ढिलाई आहे. नंतर काच लावून मोजलं की बरोबर निघायचं. फ्रेंचमध्ये ऊतीला जो शब्द आहे, तिस्यू, त्याचा अर्थच विणलेलं. बीशाने शरीर असं बोटांनी चोळून बघितलं होतं असं मला वाटतं.

१८०२ मध्ये गेला, वय फक्त ३०. त्याबद्दल खाली लिहीन, आत्ता ड्युटीवर निघायचंय.

सह्यकडा

सुंदर लिहिलंय, नाव पहिल्यांदाच ऐकलं. एक बाळबोध प्रश्न, मायक्रोस्कोप तर तेव्हा होता ना? लेव्हेनहूक वगैरे १६०० च्या शतकातले. मग हा वापरत का नव्हता, हट्ट होता का?

तर्कटी

माझाही तोच प्रश्न आणि थोडी हरकतसुद्धा. ऊतींच्या अभ्यासाचा जनक म्हणायचं तर इटलीच्या माल्पिघीला म्हणा की, १६६१ मध्ये त्याने बेडकाच्या फुफ्फुसात केशवाहिन्या बघितल्या, मायक्रोस्कोप लावून. मूत्रपिंडात, त्वचेत आजही त्याच्या नावाचे भाग आहेत. बीशा त्यानंतर १४० वर्षांनी आला, मायक्रोस्कोपला नाही म्हणाला, शिवाय जिवंत शरीरात एक वेगळी प्राणशक्ती असते असं मानणारा होता. "मृत्यूला विरोध करणाऱ्या क्रियांचा समूह म्हणजे जीवन" ही त्याची व्याख्या ऐकायला भारी आहे पण त्यातून हाती काय लागतं?

मागावरची_मुलगी

सह्यकडा, हट्ट म्हणता येणार नाही. तेव्हाच्या भिंगांतून प्रत्येक गोष्टीच्या कडेला रंगीत झालर दिसायची, गोल नसलेल्या गोष्टी गोल दिसायच्या, एकाला गोळे दिसायचे तर दुसऱ्याला दोरे. बीशाचं म्हणणं हेच की अंधारात जो तो आपापल्या परीने बघतो. ही रंगांची झालर बऱ्यापैकी घालवणारी भिंगं साधारण १८३० नंतर आली, लिस्टर ह्यांच्या कामानंतर (जंतुनाशकवाल्या लिस्टरचे वडील हे). आणि नुसतं भिंग पुरत नाही हो, काप पातळ नसेल आणि रंग नसेल तर आजच्या मायक्रोस्कोपखालीसुद्धा करडा चिखल दिसतो, मी रोज बघते, एखादा काप जाड निघाला की सर लगेच परत पाठवतात. मेणाचे ब्लॉक आणि हिमाटॉक्सिलिनचा रंग हे दोन्ही १८६० च्या दशकातलं.

तर्कटी, माल्पिघीला कमी लेखायचं नाहीच, मायक्रोस्कोपची वाट त्याचीच. पण त्याने जे बघितलं ते एकेका अवयवात बघितलं. सगळं शरीर मोजक्या कापडांचं बनलंय आणि रोग कापडाला होतो ही जोडणी बीशाची. दोघं दोन वेगळ्या गोष्टींचे जनक आहेत असं मला वाटतं. प्राणशक्तीचं तुमचं मान्य, तिथे तो मागे राहिला. माजांदी नावाच्या पुढच्या पिढीतल्या शास्त्रज्ञाने त्याचं पुस्तक परत छापताना तळटीपांमध्येच त्याला खोडून काढलंय.

येवलेकर_गुरुजी

निवृत्त विज्ञान शिक्षक, वय ७४. धागा वाचून राहवलं नाही.

नववीला आम्ही ऊती शिकवायचो, प्राणी ऊती, वनस्पती ऊती, चार प्रकार पाठ, परीक्षेत आकृती काढा चार मार्क. पण हा शब्द कुठून आला हे एकाही मुलाने विचारलं नाही आणि मीही कधी आपणहून सांगितलं नाही, त्याची आज खंत वाटते. संस्कृतमध्ये विणणे ह्या अर्थाचा 'वे' धातू आहे, त्याचं 'ऊत' म्हणजे विणलेलं, त्यावरून ऊती. आपण "प्रेमाने ओतप्रोत भरलेला" म्हणतो ना, त्यातलं ओत आणि प्रोत म्हणजे मागावरचे उभे आणि आडवे धागे. म्हणजे ज्याने मराठीत हा शब्द रूढ केला त्याने फ्रेंच शब्दाच्या पोटात शिरून तो आणला. मी येवल्याचा, पैठणीच्या मागांच्या खडखडाटात वाढलो, आणि ४० वर्षं ऊती शिकवून हा संबंध मुलांना दाखवला नाही. मुली, तू दाखवलास. आशीर्वाद.

मागावरची_मुलगी

गुरुजी, नमस्कार करते. ओतप्रोतचं मला अजिबात माहीत नव्हतं, अंगावर काटा आला.

वैद्य_मृण्मयी

छान धागा. सप्तधातू आपल्याकडे आधीपासून आहेत असा प्रतिसाद कोणीतरी टाकेलच म्हणून मीच नीट लिहिते. रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र हे सात धातू म्हणजे ऊती नव्हेत. धातूंची कल्पना पोषणाची आहे, एकातून पुढचा कसा घडतो ह्याची. तो विचार वेगळा, त्याला ऊतींच्या साच्यात बसवलं की दोन्हीकडे अन्याय होतो.

पण एक खरंच जवळचं साम्य आहे आणि ते पद्धतीत. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शव तपासायची रीत दिलीये. शव मुंज, कुश अशा गवतात गुंडाळायचं, पिंजऱ्यात ठेवायचं, नदीच्या पाण्यात आडोशाच्या जागी कुजू द्यायचं, सात रात्रींनंतर काढून वाळा, केस, बांबू किंवा बल्वज गवताच्या कुंचल्याने हळूहळू घासत जायचं म्हणजे त्वचेपासून एकेक थर डोळ्यांना दिसतो. सुरी न चालवता पाण्याकडून थर सोडवून घ्यायचे. बीशाही ऊती पाण्यात कुजवून बघायचा असं तुम्ही लिहिलंत, तेव्हा हेच आठवलं. शिवाय सुश्रुतात सात 'कला' सांगितल्यात, धातू आणि आशय (शरीरातल्या पोकळ जागा) ह्यांच्या मधल्या मर्यादा, म्हणजे पडदेच म्हणा. पडद्यांकडे स्वतंत्रपणे बघावं असं दोघांनाही वाटलं हे महत्त्वाचं. पुढचा प्रश्न, म्हणजे मेल्यावर दिसलेला बदल जिवंतपणीच्या लक्षणांशी जोडणं, तो बीशाच्या पॅरिसचा.

तर्कटी

वैद्य ताई, +१, असा संयत प्रतिसाद ह्या विषयावर क्वचित वाचायला मिळतो.

निळी_छत्री

एरवी फक्त वाचते, आज लिहिते. तीन पडद्यांबद्दल वाचलं आणि आमच्या आईचं आठवलं. चार वर्षांपूर्वी आईला बारीक ताप, दम लागायचा, एक्स-रेत छातीत पाणी निघालं. आपण "फुफ्फुसात पाणी झालं" म्हणतो पण डॉक्टरांनी सांगितलं पाणी फुफ्फुसात नाही, बाहेरच्या पडद्यात आहे. मग पोट फुगलं, तिथेही पाणी. मग इको केला तर हृदयाभोवती पण. आमच्या घरात नुसती रडारड, आम्हाला वाटलं आईचं फुफ्फुस, पोट, हृदय, तिन्ही एकदम निकामी झालं. त्याआधी एका ठिकाणी तीन वेगळ्या स्पेशालिस्टकडे आम्हाला फिरवत होते, एकजण दुसऱ्याचे कागदही बघत नव्हता, दीड महिना त्यात गेला. शेवटी एक वयस्कर फिजिशियन भेटले, त्यांनी सगळे रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि म्हणाले हे तीन आजार नाहीत, एकच आहे, टीबी, आणि तो एकाच जातीच्या पडद्याला धरून बसलाय. सहा महिने गोळ्या. आई आज स्वयंपाकघरात उभी राहून पुरणपोळ्या करते.

मला आज कळलं की त्या डॉक्टरांनी जे वाक्य म्हटलं ते कोणीतरी २०० वर्षांपूर्वी पहिल्यांदा म्हटलं होतं.

मागावरची_मुलगी

निळी_छत्री, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आईंना नमस्कार सांगा. अगदी हेच होतं त्याचं म्हणणं. त्याच्या आधी पिनेल नावाच्या डॉक्टरांनी पडद्यांच्या सूजेवरून आजारांची वर्गवारी केली होती, बीशाने ते ऋण मान्य केलंय, पण पिनेलने लक्षणांकडून सुरुवात केली आणि ह्याने देह उघडून. "काही देह उघडा, नुसत्या निरीक्षणाने न हटलेला अंधार लगेच हटेल" असं त्याचं वाक्य आहे.

अनु_सांगली

देह उघडा हे ठीक, पण कोणाचे देह? वाचताना सारखं तेच मनात येत होतं.

मागावरची_मुलगी

प्रश्न अगदी रास्त आहे आणि मलाही तो टाळायचा नव्हता.

ओतेल-द्यू हे पॅरिसचं जुनं हॉस्पिटल, नावाचा अर्थ देवाचं घर. तिथे बीशा डॉक्टर म्हणून लागला आणि सहा महिन्यांच्या आत त्याने ६०० च्या वर शवं तपासली असं त्याच्या चरित्रांत सांगतात. म्हणजे दिवसाला तीनहून जास्त. तिथे येणारे म्हणजे गरीब, ज्यांना घरी डॉक्टर बोलावणं परवडत नाही असे, आणि मेल्यावर कोणी विचारायला येणार नाही असे. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. गिलोटिनवर मारलेल्या लोकांच्या देहांवरही त्याने प्रयोग केलेत, त्यासाठी सरकारी परवानगी मिळाली होती, एका हिवाळ्यात. त्या २१ ऊतींच्या यादीत ती सगळी माणसं आहेत, नावाशिवाय. मला बीशाबद्दल जेवढा आदर आहे तेवढाच त्यांच्याबद्दल वाटतो.

अनु_सांगली

धन्यवाद, सरळ उत्तर दिलंत. माझ्या वडिलांनी देहदान केलं, १९४९ चा शरीररचनाशास्त्र कायदा आहे त्याखाली आपल्याकडे हे होतं. फॉर्म भरताना बाबांनी आम्हा तिघा भावंडांना समोर बसवून सह्या घ्यायला लावल्या, म्हणाले मला विचारून घेतायत हेच मोठं आहे. मेडिकल कॉलेजात नेऊन दिलं तेव्हा तिथल्या मुलांनी उभं राहून हात जोडले, पहिल्या वर्षाची पोरं, १८-१९ ची, एका मुलीच्या डोळ्यात पाणी. त्या ६०० जणांसाठी कोणी असे हात जोडले असतील का असं वाटून गेलं.

येवलेकर_गुरुजी

अनुताई, आपल्या वडिलांना वंदन. माझाही फॉर्म भरून ठेवलेला आहे.

दंतकथा

ओरल सर्जन आहे, उशिरा पोचलो. धागाकर्ती ताई, बीशाचं नाव आम्ही जवळजवळ रोज घेतो, नकळत!

गालाच्या आत, चावायच्या स्नायूंच्या मध्ये एक चरबीची गादी असते, तिला आम्ही बकल फॅट पॅड म्हणतो, फ्रेंच लोक "बीशाचा गोळा". तान्ह्या बाळाचे गाल गुबगुबीत असतात ना ते बरंचसं हिच्यामुळे, दूध ओढताना गाल आत जाऊ नयेत म्हणून. १७३२ मध्ये हायस्टर नावाच्या सर्जनने हा गोळा बघून ग्रंथी समजली होती, लाळेसारखं काहीतरी. बीशाने सांगितलं की ग्रंथी नाही, ही चरबी आहे. परत तेच बघा, जागेवरून नाही तर पदार्थ कोणता आहे त्यावरून ओळख.

आता हिचा आपल्याकडे उपयोग काय ते सांगतो. गुटखा, मावा, खर्रा, सुपारी. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे तरी माझ्या ओपीडीत रोज २०-२५ वर्षांची मुलं येतात ज्यांचं तोंड उघडत नाही. साधारण आपल्या तोंडात आपलीच तीन बोटं उभी मावायला हवीत, ह्यांची एक जेमतेम जाते. सबम्युकस फायब्रोसिस. वरचं अस्तर फिकट, संगमरवरासारखं पांढरं, आणि त्याच्या खालच्या जोडऊतीत (इतर ऊतींना बांधून ठेवणारी ऊती) कोलॅजन, म्हणजे चिवट तंतूंचं प्रथिन, इतकं साठतं की गालाच्या आत दोऱ्या तयार होतात. मी रिपोर्ट यायच्या आधी तर्जनी गालाच्या आत आणि अंगठा बाहेर ठेवून गाल हलकेच चिमटीत धरतो, निरोगी गाल मऊ कापडासारखा सरकतो, ह्यांचा मेण लावलेल्या ताडपत्रीसारखा लागतो आणि मध्ये उभ्या ताठ दोऱ्या. ताईंचे बाबा कापड चोळून सांगायचे तसंच आहे हे. नंतर बायोप्सीत अस्तर झिजलेलं आणि खाली कोलॅजनचा थर दिसतो पण बोटांना आधीच कळलेलं असतं.

जास्त झालं असेल तर ऑपरेशन करून त्या दोऱ्या कापायच्या, तोंड उघडायचं, पण मग आत मोठी कच्ची जखम राहते, ती उघडी ठेवली तर परत आकसते. तिथे आम्ही ह्याच चरबीच्या गादीचा पदर ओढून जखमेवर पांघरतो. काही आठवड्यांत तिच्यावर नवीन अस्तर चढतं. अर्थात त्यानंतर रोज तोंड उघडायचे व्यायाम केले नाहीत आणि सुपारी सोडली नाही तर सगळं वाया. मागच्या महिन्यात एका पोराने ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी पहिल्यांदा अख्खा वडापाव खाऊन दाखवला, बाहेर त्याची आई हमसून रडत होती.

कोणाच्या घरात सुपारी चघळणारं पोरगं असेल तर कृपया आजच त्याला तोंड उघडून तीन बोटं घालायला सांगा.

निळी_छत्री

डॉक्टर, भाच्याला आत्ता फोन करून सांगितलं. दोन बोटं जातायत म्हणाला. उद्या घेऊन जातेय डेंटिस्टकडे.

दंतकथा

लगेच न्या. दोन बोटांवर आहे म्हणजे सुपारी आज सुटली तर पुष्कळ हातात आहे.

पॅरिसचा_पक्या

मंडळी, मी पॅरिसमध्ये नोकरीला, ९ वर्षं. धागा वाचून काल मुद्दाम फिरून आलो. शहराच्या उत्तरेला बीशाच्या नावाचं मोठं हॉस्पिटल आहे, पोर्त द सेंत-ऊआंजवळ, मी तिथे स्वतः दोनदा गेलोय तापासाठी आणि कोण हा बीशा असं एकदाही डोक्यात आलं नाही. आयफेल टॉवरवर पहिल्या मजल्याखाली चारी बाजूंनी ७२ शास्त्रज्ञांची नावं कोरलीत, त्यात हा आहे. जुन्या मेडिकल स्कूलच्या अंगणात पुतळा आहे. आणि पेर लाशेझ स्मशानभूमीत कबर, तिथे गेलो, आजूबाजूला मोठमोठी घराणी, ही साधी आहे. पाऊस होता, कोणी नव्हतं. तुम्हा सर्वांच्या वतीने एक पांढरं फूल ठेवून आलो. ताई, तो गेला कसा ते लिहीन म्हणालात ते राहिलंय.

मागावरची_मुलगी

पक्यादादा, फुलासाठी कसे आभार मानू कळत नाही.

गेला ते असं. तब्येत आधीच तोळामासा, काही वर्षांपूर्वी खोकल्यातून रक्त पडून गेलेलं, पण काम कमी केलं नाही, रात्री बऱ्याचदा शवागारातच. १८०२ चा जुलै, उन्हाळा, तो कुजवत ठेवलेल्या त्वचेचं निरीक्षण करत होता, वास असह्य, मदतनीस बाजूला झाले पण हा बसून राहिला. ८ जुलैला ओतेल-द्यूच्या पायऱ्या उतरताना चक्कर येऊन पडला. मग ताप चढला, तो उतरला नाही. २२ जुलैला गेला. दसोंच्या पत्नी शेवटपर्यंत त्याच्याजवळ होत्या, ज्यांना ह्याने दसो गेल्यावर सांभाळलं त्याच. नेपोलियनचे डॉक्टर कोर्व्हिसार ह्यांनी नेपोलियनला कळवलं की बीशा अशा रणांगणावर पडला जिथे एकाहून जास्त बळी गेले आहेत, आणि एवढ्या थोड्या काळात एवढं सगळं आणि इतकं चांगलं कोणीच केलेलं नाही. नेपोलियनने ओतेल-द्यूमध्ये गुरू-शिष्य दोघांच्या नावाची एकत्र स्मृतिशिळा लावायला सांगितली.

त्याचं वर्णनात्मक शरीरशास्त्राचं पुस्तक पाच खंडांचं, त्यातले दोन आणि तिसऱ्याचा काही भाग त्याच्या हातून झाला, बाकीचं ब्युइसाँ आणि रू ह्या त्याच्या विद्यार्थ्यांनी पूर्ण केलं. गुरूंच्या पुस्तकांचं त्याने जे केलं तेच.

पुढे १८३९ मध्ये श्वान ह्या जर्मन शास्त्रज्ञाने प्राण्यांचं शरीर पेशींचं आहे हे मांडलं, १८५८ मध्ये फिर्खो ह्या जर्मन डॉक्टरने रोग पेशीपर्यंत नेला, आणि २१ ची यादी आवळत आवळत आज चार मुख्य प्रकारांवर आली, अस्तर ऊती, जोडऊती, स्नायू, चेता. पण मी काचेवर लेबल लावते तेव्हा आजही त्यावर आधी अवयव आणि रिपोर्टमध्ये मात्र कोणत्या थरात काय आहे ते येतं, अस्तरात आहे की स्नायूत उतरलंय. कॅन्सरच्या पेशंटचं सगळं पुढचं त्या एका ओळीवर ठरतं.

सह्यकडा

ताई, एक विचारायचं राहिलं. ते उकळून बघायचं घरी करता येईल का? मुलगी नववीत आहे, तिला दाखवायचंय.

मागावरची_मुलगी

नक्की येईल आणि पुढे रस्साही होईल. मटणवाल्याकडून पायाची पांढरी ताठ दोरी, म्हणजे स्नायूबंध, थोडं लाल मांस, एक कुरकुरीत कूर्चेचा तुकडा आणि मिळाली तर मानेतली पिवळसर जाड पट्टी मागा, ते बहुधा वेगळी काढून टाकतात. चारही एका पातेल्यात, कुकर नको, कुकरमध्ये मधलं काही दिसत नाही. दर अर्ध्या तासाने चिमट्याने बाहेर काढून ओढून बघायचं आणि मुलीला वहीत लिहायला लावा. वास घ्या, बोटाने दाबा.

सह्यकडा

काल रविवारी केलं! मुलीच्या वहीतून उतरवतोय.

पांढरी दोरी उकळत्या पाण्यात टाकल्या टाकल्या आकसली, जवळजवळ निम्मी झाली आणि कडक झाली, मुलगी घाबरून म्हणाली बाबा ही जिवंत आहे. दीड तासाने मऊ, अडीच तासाला काचेसारखी पारदर्शक आणि बोटांना चिकट, नंतर ओढली तर तुटलीच. मांस आधी कडक झालं मग धाग्याधाग्याने सुटलं, मुलीने सुईने एक धागा वेगळा काढून वहीत चिकटवलाय. कूर्चा कडेने मऊ पण मधे तशीच. आणि पिवळी पट्टी, ताई, चार तास झाले तरी काहीच नाही! ओढली की रबरासारखी लांब होते आणि सोडली की परत जागेवर. आम्ही दोघं रात्री ११ पर्यंत तीच ओढत बसलो होतो. ही कुठल्या जातीची?

मागावरची_मुलगी

वहीचा फोटो टाका हो, अख्खी लॅब बघेल.

पांढरी दोरी कोलॅजनची, उष्णतेने आधी आकसते आणि मग जिलेटिन होते, तो आकसण्याचा भाग बीशाने बारकाईने लिहून ठेवलाय. पिवळी पट्टी इलास्टिनची, म्हणजे रबरासारख्या लवचीक प्रथिनाची. बकरी दिवसभर मान खाली घालून चरते, ते जड डोकं वर उचलायला ही पट्टी मदत करते, उकळून तिचं जिलेटिन होत नाही. ह्या पिवळ्या लवचीक ऊतीला वेगळं घर त्या २१ च्या यादीत नव्हतं, ते तिला नंतरच्या लोकांनी दिलं. तुमच्या मुलीने पातेल्यात ते दोन्ही वेगळे काढले. पट्टी टाकून दिली नसेल तर एका बरणीत मिठाच्या पाण्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा, पुढच्या शनिवारी मला सुट्टी आहे, कोल्हापूरला आलात तर तिचा काप काढून मुलीला काचेवर दाखवते.